परदेशी जोडीदार: लग्ननोंदणी, एक्स-२, ओसीआय आणि नोकरी (ठाणे-नवी मुंबई)

घोडबंदरकर (धागाकर्ता)

लग्नाचा दाखला हातात पडला की परदेशी नवरा किंवा बायको इथे राहू शकते आणि नोकरीही धरू शकते, असं बरेच जण गृहीत धरतात. राहण्याची परवानगी मिळते, पण ती मागावी लागते. नोकरीचं मात्र तसं नाही. लग्नाच्या नात्यावर खुलेपणाने काम करता येतं ते ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकत्व ठेवून इथे राहण्याची आणि काम करण्याची मुभा देणारं कार्ड) आल्यावर, आणि त्या कार्डासाठी लग्नाला २ वर्षं व्हावी लागतात. सगळं नियोजन या दोन वर्षांभोवती फिरतं.

नागरिकत्व कायदा १९५५, कलम ७अ. भारतीय नागरिकाच्या (किंवा ओसीआयधारकाच्या) परदेशी वंशाच्या जोडीदाराला ओसीआय मिळू शकतं, जर लग्न नोंदलेलं असेल आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग २ वर्षं टिकलेलं असेल. 'नोंदलेलं' हा शब्द डोळ्याआड करू नका. हॉलमध्ये लग्न झालं, अल्बम आहे, पण नोंदणी दीड वर्षाने केली, तर दोन वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची यावर खिडकीशी हुज्जत घालावी लागते. त्यापेक्षा लग्नाच्याच महिन्यात नोंदणी उरकलेली बरी.

दोघांचे धर्म वेगळे असतील, किंवा एकजण कुठलाच धर्म मानत नसेल, तर सरळ विशेष विवाह कायदा १९५४. नोटीस देण्याआधीचे किमान ३० दिवस दोघांपैकी एकाचं वास्तव्य त्या जिल्ह्यात हवं. एकाचं पुरतं, म्हणजे ठाण्यातल्या माणसाने ते भरून काढायचं. नोटीस लागल्यावर हरकतीसाठी ३० दिवस. मग लग्न, ३ साक्षीदारांसमोर. नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून.

आता हे व्हिसाच्या दिवसांत बसवून बघा. ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर येऊन इथे आल्यावर नोटीस द्यायची म्हटली तर लग्नाची तारीख व्हिसा संपल्यावर येते. साधं गणित आहे, पण तिकिटं काढून झाल्यावरच ते लक्षात येतं.

परदेशी व्यक्तीची कागदपत्रं: पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखला, आणि 'लग्नाला आडकाठी नाही' असं तिच्या देशाचं किंवा वकिलातीचं प्रमाणपत्र. आधी घटस्फोट झाला असेल तर अंतिम हुकूमनामा. अंतरिम आदेश चालत नाही. कागद हेग अपोस्टिल करारातल्या देशाचा असेल तर तिथूनच अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा शिक्का) करून आणा. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे. इथे येऊन शिक्का मिळत नाही. ज्या देशाचा कागद, त्याच देशाचा अपोस्टिल. इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडायचं.

व्हिसाचं नाव एक्स-२, म्हणजे भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठीचा एंट्री व्हिसा. तो तिथल्या भारतीय वकिलातीतून घेऊन यावा हे उत्तम. साध्या स्टिकरच्या टुरिस्ट व्हिसावर येऊन इथेच लग्न झालं तर एक्स-२ मध्ये बदलण्याचा अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाच्या) करता येतो. ई-टुरिस्टच्या अटींत मात्र 'वाढणार नाही, बदलणार नाही' असं लिहिलेलंच असतं. त्याच्या भरवशावर बेत आखू नका. दाखला घ्या, परत जा, एक्स-२ घेऊन या.

---

खाडीपल्याड

धागा उपयोगी आहे. 'जिल्हा' या शब्दाशी मात्र नवी मुंबईकरांनी थांबायचं. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिलंय म्हणून खारघरकराने ठाण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली तर वास्तव्याची अटच पुरी होत नाही.

पोलिसांची हद्द पुन्हा वेगळी. खारघर-पनवेल-उरण रायगडात असलं तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. आणि मीरा रोड ठाणे जिल्ह्यात असूनही २०२० पासून तिथलं आयुक्तालय मीरा-भाईंदर, वसई-विरारचं. ठाणे शहर आयुक्तालयात ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर हा पट्टा. पोर्टलवर पत्ता भरताना जिल्हा आणि पोलीस ठाणं असे दोन वेगळे रकाने येतात. तिथे अंदाजाने काही निवडलं की पडताळणीचा कागद भलत्याच ठाण्यात जाऊन पडतो आणि अर्ज आठवडेच्या आठवडे 'प्रलंबित' दाखवत राहतो. चौकीत विचारून घ्या, आपली इमारत कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येते ते.

---

कोपरीचा_पूल

एक शंका. मुलगा हिंदू, मुलगी फ्रेंच, ख्रिश्चन. डिसेंबरात ठाण्यात वैदिक पद्धतीने लग्न झालंय, सप्तपदी वगैरे सगळं. गुरुजींचं पत्र आणि पत्रिका आहे. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात नोंदणी करून दाखला घेतला तर चालेल ना?

---

नमुना_ड

थांबा, घाई करू नका. हिंदू विवाह कायदा १९५५ खाली लग्न व्हायला दोघंही हिंदू (त्यात बौद्ध, जैन, शीख आले) लागतात. हिंदू आणि ख्रिश्चन यांचं त्या कायद्याखालचं लग्न वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट म्हटलेलं आहे. सप्तपदी कितीही शास्त्रोक्त झाली तरी.

महापालिका नोंदणी करते ती १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखाली: नमुना ड भरायचा, नमुना इ मध्ये दाखला मिळतो. पण ती झालेल्या लग्नाची नोंद असते. मुळात जे लग्न कायद्यात बसत नाही ते नोंदीने बसत नाही. आज खिडकीवर कोणी अडवणार नाही कदाचित. दोन वर्षांनी ओसीआयची छाननी होते तेव्हा धर्माचा रकाना आणि विधीचा रकाना शेजारी शेजारी ठेवून वाचतात.

तुमच्यासाठी दोन वाटा. एक, विशेष विवाह कायद्याखाली नव्याने लग्न. दोन, त्याच कायद्याच्या कलम १५ खाली झालेल्या विवाहाची नोंदणी. दुसरी सोपी वाटते, पण तिच्या अटी कडक आहेत. विधी झाल्यापासून दोघं पतिपत्नी म्हणून एकत्र राहत असायला हवेत, दोघांचंही वय २१ पूर्ण हवं (इथे मुलीलाही १८ चालत नाही), आणि अर्जाआधीचे ३० दिवस *दोघांचं* वास्तव्य त्या जिल्ह्यात हवं. एकाचं नाही. त्यावर पुन्हा ३० दिवसांची जाहीर सूचना. म्हणजे मुलीला सलग दोन महिन्यांहून जास्त इथे राहावं लागेल. तिचा व्हिसा तेवढा नसेल तर पहिली वाट.

---

कोपरीचा_पूल

धन्यवाद. मुलगी जानेवारीतच परत गेलीय, म्हणजे पहिलीच वाट. पुन्हा लग्न म्हटल्यावर आजी काय म्हणतील ते वेगळं.

---

नमुना_ड

आजींना सांगा, ही फक्त सही आहे, अक्षता एकदाच पडल्या. :)

नोटिशीत वैवाहिक स्थितीचा रकाना येतो. डिसेंबरचा विधी लपवू नका, पण 'विवाहित' असंही परस्पर लिहू नका. आधीच वकिलाला दाखवून घ्या. तिच्या वकिलातीच्या प्रमाणपत्रात 'अविवाहित' आणि इथल्या अर्जात दुसरंच, असं झालं की मग प्रतिज्ञापत्रांचा सिलसिला सुरू होतो.

---

तीन_पेट्रोलपंप

नावाचं स्पेलिंग. सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात आणि कोणी बोलत नाही.

महाराष्ट्रात दाखल्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव अशी तीन घरं असतात. परदेशी पासपोर्टवर दोनच, किंवा चार. कारकून मधलं घर मोकळं ठेवत नाही, सासऱ्याचं नाव टाकून देतो. आता दाखल्यावरची व्यक्ती आणि पासपोर्टवरची व्यक्ती वेगळी झाली.

जर्मन नावांत आणखी एक गंमत. डोक्यावर दोन टिंबं असलेला 'यू' पासपोर्टच्या वरच्या भागात तसाच छापतात, पण खालच्या यंत्रवाचनाच्या दोन ओळींत त्याचे 'यू' आणि 'ई' असे दोन वर्ण होतात. इथल्या फॉर्ममध्ये कोणी टिंबं गाळून लिहितो, कोणी दोन वर्ण लिहितो. खालच्या ओळींतलं स्पेलिंग धरा आणि दाखला, व्हिसा, भाडेकरार, बँक सगळीकडे तेच ठेवा. मराठी दाखल्यावरून इंग्रजी प्रत निघते तेव्हा 'योहाना'ची 'जोहाना' होते. सही करण्याआधी मसुदा मागून अक्षर न् अक्षर तपासा. दाखला छापल्यानंतरची दुरुस्ती म्हणजे वेगळा अर्ज आणि वेगळ्या फेऱ्या.

लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर ते पासपोर्टमध्ये बदलून झाल्यावरच इकडचे अर्ज सुरू करा. मध्येच बदललं की सगळी साखळी तुटते.

---

घोडबंदरकर

+१. आता आल्यानंतरचं.

पहिले २४ तास: परदेशी व्यक्ती घरी उतरली की घरमालकाने ऑनलाइन कळवायचं. फक्त हॉटेलांनी नव्हे, सासरच्या घरानेसुद्धा. सगळे अजून त्याला फॉर्म सी म्हणतात. त्यासाठी घरमालकाचा आयडी आधी लागतो, आणि तो मंजूर व्हायला वेळ जातो. तिकीट काढलं की त्याच दिवशी आयडीचा अर्ज टाका. पुढच्या प्रत्येक अर्जात हीच पावती वास्तव्याचा पुरावा म्हणून मागतात.

पहिले १४ दिवस: व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी. स्टिकर वाचा. 'आगमनापासून १४ दिवसांत नोंदणी' असं असेल तर दिवस मोजायला लागा. 'प्रत्येक मुक्काम १८० दिवसांहून अधिक नाही' असं असेल तर लगेच गरज नाही. पण त्याहून जास्त राहायचं ठरलं तर १८० दिवस भरण्याच्या बऱ्याच आधी अर्ज करायचा. १७९ व्या दिवशी नव्हे. नोंदणी झाली की निवासी परवाना निघतो. मुदतवाढ, पत्ताबदल, नवा पासपोर्ट, सगळं त्याच पोर्टलवर.

जुन्या लेखांत १९३९ चा नोंदणी कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा असे उल्लेख दिसतील. १ सप्टेंबर २०२५ पासून ते गेले. त्या जागी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट २०२५ आहे. वकिलाने मसुद्यात जुनी कलमं टाकली असतील तर बदलून घ्या.

---

उपवन_तलाव

पत्त्याच्या पुराव्याबद्दल. आपल्याकडे फ्लॅट वडिलांच्या नावावर, महावितरणचं बिल कधीकधी अजून बिल्डरच्या नावावर, आणि मुलाचं आधार जुन्या डोंबिवलीच्या घराचं. या तिघांचा मेळ आधी घाला. बिल वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. मुलाचं आधार आणि पासपोर्ट सध्याच्या पत्त्यावर आणणं हे सर्वांत पहिलं काम.

भाड्याने असाल तर लीव्ह अँड लायसन्स नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात तो कायद्यानेच बंधनकारक आहे. नुसता नोटरीचा कागद परत येतो. करारात परदेशी जोडीदाराचं नाव घाला, ती व्यक्ती अजून आली नसली तरी. ११ महिन्यांचा करार आणि वर्षाचा परवाना यांत एक महिन्याची फट पडते. मुदतवाढीच्या वेळी नवा करार आधी, अर्ज नंतर.

पडताळणीला पोलीस घरी येतात तेव्हा दोघं घरात असावेत. लग्न खरं आहे का, एकत्र राहतात का, एवढंच बघायचं असतं. शेजाऱ्याला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारतात. सेक्रेटरीच्या रजिस्टरात नाव नसेल तर तो प्रामाणिकपणे 'माहीत नाही' म्हणतो आणि अहवाल तसा जातो.

---

पामबीच_सिग्नल

मुख्य प्रश्न राहिलाच. एक्स-२ वर महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी करता येते का? आणि बाहेरच्या कंपनीचं काम घरून?

---

खाडीपल्याड

नुसत्या एक्स-२ वर नोकरी किंवा धंदा सुरू करू नका. आधी परवानगी, मग ऑफर लेटरवर सही. उलट क्रमाने गेलात तर ते व्हिसाच्या अटींचं उल्लंघन होतं, आणि ते पुढे ओसीआयच्या सुरक्षा छाननीत दिसतं.

दोन वर्षं थांबणं परवडत नसेल तर एम्प्लॉयमेंट व्हिसा. (त्यालाही लोक 'ई व्हिसा' म्हणतात आणि इंटरनेटवरच्या ई-व्हिसाशी गल्लत करतात. बोलताना पूर्ण नाव घ्या.) तो मूळ देशातल्या किंवा कायम वास्तव्य असलेल्या देशातल्या भारतीय वकिलातीतून, इथल्या कंपनीच्या कागदांवर मिळतो. पगार वर्षाला १६.२५ लाख रुपयांच्या वर लागतो. सवलत आहे ती थोड्यांनाच: इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि अनुवादक, आपापल्या देशाचं जेवण करणारे आचारी वगैरे. फ्रेंच, जपानी किंवा जर्मन शिकवणाऱ्याला हा रस्ता मोकळा आहे. बालवाडीत इंग्रजी शिकवणाऱ्याला नाही.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. ओसीआयची दोन वर्षं ही *लग्नाची* आहेत, एक्स-२ वर राहण्याची नव्हेत. जोडीदार मधली दोन वर्षं स्वतःच्या देशात नोकरी करत राहिला, येऊन-जाऊन राहिला, किंवा इथे एम्प्लॉयमेंट व्हिसावर राहिला, तरी लग्न नोंदलेलं आणि टिकलेलं असेल तर घड्याळ चालूच असतं. चांगली नोकरी सोडून दोन वर्षं घरी बसायची सक्ती कायद्यात नाही.

---

तीन_पेट्रोलपंप

घरून कामाबद्दल पुस्ती. 'पगार तिकडच्या खात्यात येतो, मग इथल्यांचा काय संबंध' हा युक्तिवाद आयकरात टिकत नाही. काम भारतात बसून केलं तर तो पगार भारतात कमावलेला धरतात. शिवाय आर्थिक वर्षात १८२ दिवस झाले की करासाठी निवासी. पॅन परदेशी नागरिकांसाठीच्या वेगळ्या फॉर्मवर काढायचं. कर भरला म्हणून व्हिसाची परवानगी मिळाली असंही होत नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत.

आधार निघतं, पण अर्जाआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, आणि त्याची मुदत व्हिसाएवढीच. ओसीआयवर काढलं तर १० वर्षं.

---

घोडबंदरकर

ओसीआयचा अर्ज थोडक्यात. ऑनलाइन भाग अ आणि भाग ब, मग मूळ कागदांसह भेट. भारतातून केल्यास शुल्क १५,००० रुपये, बाहेरून २७५ डॉलर. टुरिस्ट व्हिसावर असताना इथून अर्ज घेत नाहीत. फोटो चौकोनी, २ इंच बाय २ इंच. स्टुडिओत 'पासपोर्ट साइज' म्हटलं की ३५ बाय ४५ मिलिमीटरचा हातात देतात, तो परत येतो. भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टात पती/पत्नीचं नाव आधीच चढवून घ्या. दोन वर्षं एकत्र असल्याचे कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलीत: संयुक्त खातं, प्रवासाची तिकिटं, विमा, करार. जोडीदाराच्या ओसीआयला आधी सुरक्षा मंजुरी लागते, म्हणून आईवडिलांच्या नात्यावरच्या ओसीआयपेक्षा वेळ जास्त जातो. त्या काळात एक्स-२ ची मुदत संपणार नाही हे बघा.

स्वतः, आईवडील, आजीआजोबा किंवा पणजोबांपर्यंत कोणीही कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिक असेल तर ओसीआय नाही. जन्म लंडनचा आणि पासपोर्ट ब्रिटिश असला तरी नाही.

मिळाल्यावर: नोकरी, धंदा खुला, पोलीस नोंदणी नाही, ये-जा अमर्याद. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण यांना वेगळी परवानगी.

---

उपवन_तलाव

आणि शेतजमीन नाही. मुरबाड-कर्जतकडच्या 'फार्महाऊस प्लॉट'च्या जाहिराती बघून दोघांच्या नावावर घेऊ म्हणणाऱ्यांनी सातबारा बघावा. शेतजमीन, मळा, फार्महाऊस तिन्ही ओसीआयला वर्ज्य. ठाण्यातला फ्लॅट चालतो.

नवा पासपोर्ट आला की ३ महिन्यांत त्याची प्रत, ताजा फोटो आणि 'लग्न अजून टिकून आहे' असं जाहीरपत्र पोर्टलवर चढवायचं. फुकट आहे, म्हणूनच विसरतात. घटस्फोट झाला तर हे कार्ड रद्द होऊ शकतं. ते लग्नावरच उभं आहे.

---

कोपरीचा_पूल

नागरिकत्वच घेतलं तर? आणि मूल झालं तर त्याचं काय?

---

नमुना_ड

नागरिकत्वाचं कलम ५(१)(क), तिथे ७ वर्षं. ही मात्र *राहण्याची* आहेत. अर्जाआधीचे पूर्ण १२ महिने भारतात, आणि त्याआधीच्या ८ वर्षांपैकी एकूण ६ वर्षं. विमानतळाचे शिक्के मोजतात, म्हणून जुने पासपोर्ट फेकू नका. मूळ नागरिकत्व सोडावं लागतं.

मूल भारतात जन्मलं आणि एक पालक भारतीय असेल तर ते जन्माने भारतीय. पण ३ डिसेंबर २००४ पासून अट आहे: जन्माच्या वेळी दुसरा पालक 'बेकायदा स्थलांतरित' नसावा. व्हिसाची मुदत उलटून राहिलेली व्यक्तीही त्या व्याख्येत येते. गरोदरपणाच्या धावपळीत आईची मुदतवाढ राहून गेली तर फटका बाळाच्या पासपोर्टाला बसतो. प्रसूतीची तारीख आणि परवान्याची तारीख एकाच कॅलेंडरवर लिहा.

---

पामबीच_सिग्नल

नेपाळी जोडीदार असेल तर हे सगळं लागतं का?

---

खाडीपल्याड

नाही. नेपाळी नागरिकाला व्हिसा लागत नाही, आणि १९५० च्या करारामुळे राहणं, नोकरी दोन्ही मोकळं. लग्ननोंदणी तेवढी करा. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानच्या नागरिकांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे नियम वेगळे, ते या धाग्यात मिसळू नयेत.

कोपरीचा_पूल, तुम्ही विचारलंत त्या फ्रेंच मुलीच्या जन्मदाखल्याची तारीख बघा. तिकडचे दाखले मागणीनुसार नव्याने निघतात, त्यामुळे जुनी प्रत अपोस्टिल करून आणण्याऐवजी ताजी काढा, आणि अपोस्टिल त्या ताज्या प्रतीवर.